पस्तान शेजारीच राहिलं

अहो शोभाचे अप्पा,

जन्मभर मला 'ऐकलीस का' म्हणून हाक मारलीत. आता तुम्ही ऐका. चौथी शिकलेल्या बाईचं पत्र आहे, वेलांट्या चुकतील. तुम्हाला तरी तिथं दुसरं काय काम आहे? वाचा सावकाश.

आज शोभाचं शेवटचं विमान आहे. सकाळपासून हाताला थारा नाही. ज्वारी निवडली, निवडलेलीच परत निवडली. चहा उतू गेला. जिथं मी तिथं फोन, चुलीजवळ फोन, न्हाणीच्या दगडावर फोन. वाजायला मात्र तयार नाही. शेवटी म्हटलं, कुणाशी तरी भांडल्याशिवाय हा दिवस सरायचा नाही. आणि या सगळ्या घोळाचं मूळ तुम्ही, मग दुसऱ्या कुणाशी कामून भांडू?

आजारी पडायला वेळ तरी कोणती निवडलीत! जगाची दारं लागलेली, माणूस माणसाच्या जवळ जाईना, आणि तुमच्या छातीनं नेमकी तेव्हाच घरघर धरली. शोभा सौदीहून निघाली. जावई म्हणाले, येताना विमान आहे, जाताना नाही, विचार कर. तिनं विचार केला नाही. सहा वर्षांची मनू बापाजवळ ठेवून आली, 'आठवड्यात येते' सांगून. भेट झाली तुमची. आणि दवाखान्यातल्या खाटेवरून तुम्ही लेकीला पहिलं काय विचारलं? "कोणत्या वाटंनं आलीस?" मास्कच्या आत पोरगी हसली का रडली, मला कळलं नाही.

मग तुम्ही गेलात, आणि ती अडकली.

तिकडचं सरकार म्हणायचं, हिंदुस्थानातून सरळ यायचं नाही. आधी तिसऱ्याच देशात दोन आठवडे राहा, अंगात काही नाही हे दाखवा, मग या. लस तिकडंच टोचून झालेली, तेवढं एक बरं. मी शोभाला म्हटलं, "म्हंजे पस्तानच की गं हे!"

"कसलं पस्तान, आई?"

"तुझे अप्पा ठेवायचे न्हाईत का?"

भटजी प्रस्थान म्हणतात, आपण पस्तान. जायचा दिवस वाईट असला की आधीच्या चांगल्या दिवशी तांदूळ, सुपारी, हळकुंड फडक्यात बांधून शेजाऱ्याच्या घरी ठेवायचं. झालं, प्रवास सुरू झाला. मग निघायच्या दिवशी ते उचलायचं आणि वाटेला लागायचं. तुम्ही तर उदगीरच्या बाजारला जायचं म्हटलं तरी ठेवायचात. शेजारच्या शांतक्काच्या देवळीत तुमच्या गाठोड्याची जागाच ठरलेली. मी म्हणायचे, "गाठोडं कशाला, तुमीच जाऊन ऱ्हावा की शांतक्काकडं." तुम्ही पंचांगातून मान वर करायचा नाहीत.

रोज दुपारी शोभा ओसरीवर फोन घेऊन बसायची. तिकीटवाला हैदराबादचा. त्याची हिंदी, हिची हिंदी, आणि मधे माझे प्रश्न. नेपाळ ठरलं. बॅग भरली. नेपाळ बंद. मग मालदीव. समुद्रातली बेटं म्हणे, नवरा-बायको लग्न झाल्यावर जातात. "जा बाई, तू एकटीच जा," म्हटलं. तेही बंद. मग निघालं आर्मेनिया. अहो, मला हार्मोनियम ऐकू आलं! तुमची पेटी कोपऱ्यात झाकलेली, तिच्याकडं बघून मी म्हटलं, "तिथं काय दोन आठवडे भजनं म्हणायचीत व्हय?" किती दिवसांनी हसली पोरगी. आता आपलं सगळं चिंताकी गाव मला विचारायलंय, "शोभा हार्मोनियमला पोचली व्हय?"

वाट ऐका, तुम्हाला हौस होती. हैदराबादहून दिल्ली. दिल्लीहून दोहा. दोह्याहून आर्मेनिया. दोन आठवड्यांनी तिथून परत दोहा, आणि मग रियाध. मी विचारलं, "दोह्यावरनं रियाध जवळ हाय म्हणतीस, मग पहिल्याच खेपंला तिथं उतर की! उगं वर जाऊन खाली कामून यायचं?"

"उतरू देत न्हाईत आई. तिथं नुसतं विमान बदलायचं. त्याला कनेक्शन म्हणतेत."

मला आजवर लाइटचं कनेक्शन माहीत होतं, आणि ते जातं हेही माहीत होतं. हेही तसलंच. नाकातली तपासणी तीन दिवसांच्या आतली पाहिजे. ते दिवस पहिल्या विमानापासून मोजायचे का शेवटच्या, हे तिकीटवाला एक सांगायचा आणि फोनमध्ये दुसरंच लिहिलेलं. एक विमान लेट झालं की पुढचं चुकलं. पुढचं चुकलं की तपासणी शिळी. तपासणी शिळी झाली की दारातूनच परत.

कनेक्शन चुकवण्यात तुमचा हात कोण धरणार? आठवतं का, माझ्या बहिणीच्या लग्नाला राजेश्वरला जायलो होतो. शोभा मांडीवर. हुमनाबादच्या स्टँडवर तुम्ही "एक घोट चहा घेऊन येतो" म्हणून उतरलात, आणि बस सुटली! मी खिडकीतून ओरडायले, कंडक्टर कन्नडात विचारायलाय काय झालं, आणि तुम्ही तिकडं बशीत चहा ओतून फुंकर मारायलात! राजेश्वरच्या फाट्यावर लेकराला घेऊन उन्हात बसून राहिले. तिकडं हळद लागून गेली. तुम्ही आलात आणि वर म्हणालात, "पस्तान ठेवलं होतं म्हणून इतक्यावर भागलं." तेव्हाच तुमच्या डोक्यात ते गाठोडं घालायला पाहिजे होतं.

पण मनूचं काय करायचं, सांगा. दर वेळी शोभा तिला वार सांगायची. सोमवारी येते. मग शुक्रवारी येते. तिसऱ्या वेळी मनू फोनवर आलीच नाही. बापाच्या मागून आवाज आला, "आई खोटं बोलायली. मला न्हाई बोलायचं." शोभानं फोन पालथा ठेवला आणि गोठ्यात जाऊन शेळीपुढं पाला धरून उभी राहिली. शेळी खाईना, तरी उभीच.

तेव्हा मी उठले. हसू नका. धुतलेलं फडकं काढलं, तांदूळ, सुपारी, हळकुंड बांधलं आणि शांतक्काच्या देवळीत नेऊन ठेवलं. तुमच्याच जागेवर. शांतक्का म्हणाली, "काय गं, अप्पाचं वारं लागलं व्हय तुला?" मी म्हटलं, "तू तुझं काम बघ."

आणि झालं काय? दुसऱ्याच दिवशी शांतक्काच्या सुनेला ताप. पंचायतीची माणसं आली आणि दाराला आडवे बांबू बांधून गेली. पस्तान आत! त्याच दुपारी तिकीटवाल्याचा फोन, विमान अलीकडं आणलंय, आत्ताच निघा. गाडी दारात, ड्रायव्हर हॉर्न वाजवायलाय, "अक्का, जहिराबादचा नाका बंद व्हायच्या आत चला."

"आई, पस्तान?" शोभानं विचारलं. माझी लेक, इंजिनीअर!

"त्या घराकडं फिरकू नगंस. तपासणीत काही निघालं तर?"

गाडी शांतक्काच्या दारावरून गेली तेव्हा ती खिडकीत उभी. गाठोडं वर धरून ओरडायली, "बघ गं शोभे! हाय बघ! माझ्यासंगं क्वारंटाईन हाय!"

तेव्हापासून ते तिथंच आहे. बांबू सुटले, सून बरी झाली. शांतक्का म्हणते, "ने की आता." मी म्हणते, "राहू दे, पोचू दे तिला." माझा विश्वास नाही हो असल्यावर. पण रोज दोनदा जाऊन बघून येते, तांदळाला किडे झाले का म्हणून. मी दिसले की शांतक्का आपणच गाठोडं सोडून दाखवते.

बीदरच्या दवाखान्यात निघताना तुमचं मात्र पस्तान ठेवणंही झालं नाही. ॲम्ब्युलन्सवाल्याला कुठला दम! स्ट्रेचरवर घेतलं तेव्हा तुम्ही माझा पदर धरून विचारलंत, "आज वार कोणता गं?" गुरुवार होता. गुरुवारी दक्षिणेला जायचं नाही, आणि बीदर आपल्याला दक्षिणेलाच. मी बुधवार सांगितलं. तुम्ही पदर सोडलात. पुन्हा विचाराल तर पुन्हा बुधवारच सांगेन. श्वास लागलेल्या माणसाला वार घेऊन काय करायचाय?

थांबा. फोन वाजायलाय.

अहो, पोचली! ऐका, जसं झालं तसं लिहिते.

"आई, पोचले."

"विमानतळावर का घरी?"

"घरी. तासभर झाला. फोन करायला उशीर झाला, कारण..."

"मनू कुठं हाय?"

"पलंगाखाली. आई, मी अंघोळीला गेले तेवढ्यात हिनं माझी पर्स उघडली. पासपोर्ट लपवलाय कुठंतरी! सगळं घर धुंडाळलं. सांगायली न्हाई."

"धुंडाळू नगंस. जिथं हाय तिथं राहू दे."

मग फोन पलंगाखाली गेला. मनू म्हणाली, "आज्जी, तुला सांगू कुठं ठेवलाय? पण आईला सांगायचं न्हाई." आणि माझ्या कानात सांगितलं. मी तुम्हालाही सांगणार नाही. तुमच्या पोटात काय राहायचं नाही.

वर म्हणते, "आज्जी, तू ये. तुझाबी लपवते."

तशीच उठून शांतक्काकडं गेले आणि गाठोडं घेऊन आले. तांदळाला किडा नाही. आत्ता ते माझ्या पुढ्यात आहे, आणि हात अजून स्वस्थ बसायला तयार नाहीत.

तर हे सांगायचं होतं. मी येईन तुमच्याकडं, शब्द देते. पण थेट नाही. आधी मनूकडं उतरायचं आहे, माझं कनेक्शन लांबचं आहे. निघताना पस्तान ठेवीन, शांतक्काच्या देवळीत तुमच्याच जागेवर, आणि उचलायला विसरणार नाही. वार कोणताही असो. तोवर फाट्यावर वाट बघायची पाळी तुमची. चहा बशीत ओतून, फुंकर मारत, निवांत प्या.

तुमची
ऐकलीस का