मार्लिसचा कार्बोरेटर

थोर लेक, मिनेसोटा
१२ जानेवारी २०२३

प्रिय मार्लिस,

आम्ही बरे आहोत, तूही डुलुथला बरी असशील असं धरून चालतो. तळं यंदा नीट गोठलंय. बाबा शहाऐंशीचे झाले. काठी टेकत रोज शेडपर्यंत जातात आणि हेरिंग माशाच्या लोणच्यात मीठ जास्त पडलं म्हणून माझ्याशी भांडतात.

अकरा वर्षांत मी तुला नाताळच्या कार्डांपलीकडे काही पाठवलं नाही. आज लिहितोय ते बाबांच्या एकाहत्तर सालच्या स्नोमोबाइलमुळे, त्या बर्फावरच्या जुन्या गाडीमुळे. अठ्ठावीस तारखेला जुन्या गाड्यांची तळ्यावर फेरी आहे, आणि बाबांना एकदा तरी बसायचंय. तू तुझा कार्बोरेटर बसवताना काढून ठेवलेला मूळचा कार्बोरेटर तू गेल्यावर मी परत बसवला होता. त्याच्या आतला रबरी पडदा कडक होऊन गेला, नवा कुठे मिळेना. शेवटी फळीवरून तुझा कार्बोरेटर काढला, साफ केला, नळ्या नव्या घातल्या. दोरीच्या तिसऱ्या ओढीला इंजिन सुरू झालं. प्लग जरा पांढरा पडत होता, म्हणजे पेट्रोल कमी पोचत होतं, म्हणून सुई एक खाच वर घेतली. आता छान तपकिरी येतो. तुझं काम चोख आहे.

तेव्हाही चोखच होतं.

तू गेलीस त्या वर्षी फेब्रुवारीत बाबांची गाडी तळ्याच्या मध्यावर बंद पडली आणि ते चार मैल चालत आले. त्या सकाळी टाकी मी भरली होती. तू बजावलं होतंस, "अल्कोहोल नसलेलंच पेट्रोल घाल, हार्लन." मला गावात जायचा कंटाळा आला. गवत कापायच्या मशीनचा उन्हाळ्यातला डबा पडला होता, तोच ओतला. गाडी ओढून आणल्यावर मी कार्बोरेटरची वाटी उघडली. आत बर्फाचे खडे होते. त्या शिळ्या, अल्कोहोल मिसळलेल्या पेट्रोलनं पाणी धरलं होतं, तेच गोठलं होतं. मी वाटी अंगणात पालथी केली आणि दवाखान्यात आलो. बाबांच्या पायाची थंडीनं मेलेली दोन बोटं काढावी लागणार, असं डॉक्टर सांगत होते. तेव्हा सगळ्यांदेखत तुला म्हणालो, "चालत्या गाडीत हात घालायला तुला कोणी सांगितलं होतं?"

मला माहीत असताना म्हणालो, मार्लिस. तू आठवड्याभरात सामान बांधलंस, तरी गप्प राहिलो.

मंगळवारी बाबांना हे सांगितलं. ते म्हणाले, "मला काय सांगतोस? माझी बोटं गेली, तिचं घर गेलं."

म्हणून काल स्नोमोबाइल क्लबच्या पॅनकेकच्या नाश्त्याला उभा राहिलो आणि सगळ्यांना सांगितलं. हातातल्या पान्यावरून तुला 'पानावाली' म्हणून चिडवायचा तो व्हर्न ब्रेकी कॉफी ढवळत म्हणाला, "म्हणजे इतकी वर्षं आम्ही उगाच पोरीचं नाव खराब केलं. ती माझी गाडी बघेल का, विचार जरा." त्याच्या मागोमाग आणखी दोघांनी तेच विचारलं. मी तुला कळवतोय, एवढंच.

मी तुझी माफी मागतो. लगेच देऊ नकोस, हवा तेवढा वेळ घे.

बाबा म्हणतात, माझ्या मागे ते बसणार नाहीत, गाडी चालवायला मार्लिसच हवी. खरं तर मलाही तेच हवंय.

तुझा दादा, म्हणवून घ्यायचा हक्क उरला असेल तर,
हार्लन