गगनराजाच्या कड्याला घातलेल्या अटी

१९ नोव्हें. ७८
॥ श्री ॥
आले: तूरडाळ २ किलो ७ रु., गोडेतेल १ किलो ८.५०, कापूर-उदबत्ती १.२५. इतवारीच्या बाजारातून अरुणभाऊजींसाठी चित्राचा जाड कागद व काळी शाई ६ रु. वरखर्चात मांडले.
गगनराजाचं सहावं पुस्तक चालू आहे. चित्रं भाऊजींची, गोष्टही त्यांचीच. हातात परग्रहावरचं कडं घालून उडणारा वीर. पाच पुस्तकं बसस्टँडवर खपली. छापखान्याचे शेटजी म्हणालेत, सहावं जमलं तर वर्षभराचं काम पक्कं. नाही जमलं तर ह्यांनी बल्लारशाकडच्या कारखान्यात धाकट्या भावासाठी कारकुनी बोलून ठेवली आहे. भाऊजींनी तोंडाने हो म्हटलं, पण जेवले नाहीत नीट.

२६ नोव्हें.
दुपारी भाऊजींनी पाचही पुस्तकं नि सहाव्याची पानं पुढ्यात ठेवली. म्हणाले, वहिनी, पोथी वाचता तशी वाचा, अडेल तिथे सांगा.
अडलं जागोजाग. दुसऱ्या पुस्तकात कड्याच्या किरणानं भिंतीपलीकडचं दिसतं. चौथ्यात चोर दाराआड उभा, तर ह्याला पत्ता नाही, डोक्यात काठी खातो. तिसऱ्यात पोलादी तिजोरी वितळवली, मग पाचव्यात सुंभाच्या दोरानं बांधलेला कसा पडून राहिला? दगडातून पाणी काढून एका गावाची तहान भागवली नि उडून गेला. पलीकडच्या गावच्या बाया त्याच चित्रात मागे हंडे घेऊन चाललेल्या. त्यांचं काय? आणि तो दुष्ट शास्त्रज्ञ सूर्य झाकायचं यंत्र बनवतो, कशाला, तर अंधारात पेढी लुटायला. त्या यंत्राला जितकं लोखंड लागलं असेल तितकी रक्कम पेढीत तरी होती का?
सगळं सांगितलं. तिजोरीपर्यंत भाऊजी हसत होते. हंड्यांपाशी पेन्सिल घेऊन समासात खुणा करायला लागले.

२७ नोव्हें.
सकाळी चहाच्या वेळी विचारतात, मग करू काय? मी म्हटलं, पोथीत वर मिळतो त्याच्याबरोबर अटही मिळते. अस्त्र एकदा सुटलं की संपलं. म्हणून ऐकणाऱ्याचा जीव टांगणीला राहतो. तुमच्या कड्याला अट नाही, तर मला त्या गगनराजाची काळजी कशी वाटावी?
हे दाढी करत होते. म्हणाले, "झालं. आता ही तुझ्या हिरोले सोमवार धरायला लावते."
भाऊजी हसले नाहीत. त्यांना पटलं होतं.

१ डिसें.
अटी ठरल्या. कडं दिवसातून एकदाच चालेल. रागाच्या भरात चालणार नाही. आणि जे काढावं तितकं दुसरीकडे उणं होईल, इथे पाणी काढलं तर तिकडे कुठली तरी विहीर आटेल. ही शेवटची माझी. जमाखर्च लिहिणारीला दुसरं काय सुचणार.
सगळी पानं नव्यानं काढायला घेतली. शेटजींचा माणूस जुनी पानं न्यायला आला होता. कच्ची आहेत, आत्ता नको, असं मीच दारातून सांगून परत पाठवला. भाऊजी घरी नव्हते.

७ डिसें., गुरुवार
मार्गशीर्षातला पहिला. घट मांडला, पोथी झाली. पानंही पुरी झाली. संध्याकाळी भाऊजींनी वाचून दाखवलं. धरण फुटायला आलंय, पण कडं सकाळीच एका पोरीचा ताप उतरवायला वापरून झालेलं. मग गगनराज पायी दारोदार फिरून गाव उठवतो. मला रडू आलं.
सासूबाई माळ ओढत ऐकत होत्या. विचारलं, "अन् उडला नाही काय तो?"
भाऊजी म्हणाले, ह्यावेळी नाही उडत. बरं, म्हणाल्या, नि माळ पुढे.

१३ डिसें.
नाही घेतलं.
भाऊजींनी एवढंच सांगितलं नि हातपाय धुवायला गेले. बाकीची हकीकत ह्यांनी संध्याकाळी इतवारीतून, छापखान्यावरून आणली. शेटजी पानं उलटत गेले नि हसायला लागले. "भाभीजी का हाथ लगा है क्या? अपना गगनराज तो मुनीम बन गया." पोरांना पानापानाला नवीन करामत पाहिजे, चुका पोरं मोजत नाहीत, म्हणाले. भाऊजींनी घाईनं जुनी पानं देऊ केली. पण माणूस रिकामा परतला तेव्हाच शेटजींनी गगनराज दुसऱ्या चित्रकाराकडे सोपवला होता. गगनराज हे नाव शेटजींचंच, छापखान्याच्या मालकीचं.
रिकाम्या हातानं परत कुणी पाठवलं, हे ह्यांना ठाऊक नाही. भाऊजींना असावं.

१४ डिसें.
दुसरा गुरुवार. स्वयंपाक नेहमीचा.
जेवताना मी म्हटलं, माझंच चुकलं. भाऊजी ताटाकडे बघत म्हणाले, "नाही वहिनी. तुमचं बरोबर होतं. आता मला ती जुनी पुस्तकं बघवत नाहीत, सगळ्या चुकाच दिसतात."
रागावले असते तर बरं वाटलं असतं.

२१ डिसें.
पोथी वाचता वाचता अडखळले. राणीचं गेलेलं राज्य देवीनं परत दिलं. देवीला सगळं ठाऊक, तर राणी दारोदार फिरेपर्यंत थांबली का? एवढी वर्षं वाचतेय, कधी विचारलं नाही. मनात आलं म्हणून लगेच हात जोडले. ऐकायला आलेल्या बायांना वाटलं, अध्याय संपला.
देवीला विचारलं नाही. पोटच्या पोरासारख्या दिराच्या चित्रातला मात्र एक हंडाही सोडला नाही.

३१ डिसें.
भाऊजी सकाळच्या गाडीनं बल्लारशाकडे नोकरीला गेले. शंकरपाळे, चिवडा, दोन पायजमे, रजई. शाईची बाटली मी पिशवीत घातली होती. गाडी गेल्यावर घरी आले तर ती ओट्यावर. काढून ठेवली त्यांनी.

१४ जाने. ७९
संक्रांत. तिळगुळाचं पार्सल परवाच पाठवलं. भाऊजी पोचल्याचं पत्र मागेच ह्यांच्या नावे आलं, तीन ओळी. काम बरं आहे. आईला नमस्कार. मला निराळं काही...

२० जाने.
नवीन गगनराज विकत आणला. दुसऱ्याच्या हातचा. नाक चुकलंय. कड्यातून ह्यावेळी बर्फ, आग नि चालतंबोलतं पाखरू निघतं. दुपारी सासूबाईंना वाचून दाखवला, खुश झाल्या. मी म्हटलं, पाखरू होतं तर आधी का नाही सोडलं, ह्यानं मार का खाल्ला?
तर म्हणतात, "तू इचारतच बसशीन तं देव तरी येईन काय वं?"
गमतीनंच म्हणाल्या. मी स्वयंपाकघरात जाऊन बसले.

९ फेब्रु.
शेटजी स्वतः आले. ह्या घरी पहिल्यांदाच. तो चित्रकार अर्ध्यात सोडून मुंबईला गेला. अरुण अजून काढतो का, म्हणे. पुढल्या आठवड्यापर्यंत कळलं पाहिजे, नाहीतर गगनराज बंद करतो. चहा पिता पिता मला म्हणाले, "भाभीजी, आप नाराज मत होना, पर इस बार पढना मत." मी हो म्हटलं.
हे म्हणतात, कळवू नकोस. पोरगं मार्गाला लागलंय, पगार सुरू झालाय, लग्नाचं बघू. ह्यांचंही खोटं नाही.

१० फेब्रु.
दिवसभर ठरेना. ह्यांच्या शब्दाबाहेर कधी गेले नाही. पण एकदा छापखान्याचा माणूस मी दारातून परत पाठवला. दुसऱ्यांदा नाही पाठवणार.

११ फेब्रु.
पत्र लिहिलं. आधी ह्यांना वाचून दाखवलं. ह्यांनी पत्ता मात्र स्वतःच सांगितला, खोली बदलली आहे म्हणे. नक्कल इथे ठेवते.

"चि. अरुणभाऊजींस अनेक आशीर्वाद. शेटजी येऊन गेले. त्यांना गगनराज तुमच्याच हातचा हवा आहे, उडणारा. मी घातलेल्या अटी सोडून द्या. त्या पोथीत शोभतात, की माझ्या वहीत, मला आता सांगता येत नाही. तुमची धरणाची गोष्ट मला आवडली होती, हे खरं. पण ती माझ्याजोगी झाली, पोरांजोगी नाही. नोकरी सोडा असं मी म्हणत नाही, हे नाराज होतील. रविवारी काढता आलं तर बघा. नाही जमत म्हणालात तरी माझा राग नाही. फक्त तुमचा हात अजून चालतो की मी तोही थांबवला, एवढं मला कळलं पाहिजे. शेटजी आठवडाभरच थांबणार आहेत. होय की नाही, उलट टपाली कळवा."