नवमीला थांबलेलं यंत्र

नाशिक रोड,
दि. १८ नोव्हेंबर २०२५

प्रिय धनराज,

सप्रेम नमस्कार. आम्ही इकडे बरे आहोत. थंडी पडू लागली आहे, मीनाचा गुडघा पुन्हा दुखतो. तुम्ही उभयता खुशाल असाल. पेठच्या शाळेत आपण एका बाकावर बसलो, म्हणून आज एकेरीत लिहितो. लॅबमध्ये चौदा वर्षं तुला सरच म्हणत आलो.

तू पाठवलेला कागद मिळाला. आपली नागली उपग्रहातून वर जाणार, हे वाचलं. ‘प्रयोगाचे दहाही दिवस यंत्र अखंड फिरत होते’ या ओळीखाली परिचर म्हणून माझी सही हवी, असं तू लिहिलंस. सही केलेली नाही. कारण सांगतो.

ते यंत्र रोपांना सारखं हळूहळू फिरवत ठेवतं, म्हणजे वर कुठं नि खाली कुठं हे मुळांना कळत नाही. अवकाशात कळत नाही तसं. सात वर्षांपूर्वीच्या त्या प्रयोगात सहाव्या दिवसानंतर सगळी मुळं एका दिशेला वळलेली दिसली. वजन नसतानाही नागली आपली दिशा शोधते, असं तू छापून आणलंस आणि तुझं नाव झालं.

धनराज, सहाव्या दिवशी खंडेनवमी होती. कॉलेज बंद होतं, तू गावी होतास. आपल्या घरी त्या दिवशी विळासुद्धा चालवत नाहीत. मी यंत्र थांबवलं, पुसलं, हळदकुंकू लावलं, झेंडूचं फूल ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा सुरू केलं. मुळांना एक दिवस जमीन कुठं आहे ते कळलं आणि ती खाली वळली, एवढंच. रजिस्टरात मी तसं लिहिलं आहे: नवमी, यंत्र बंद, पूजा. परिचराचं रजिस्टर तू कधी उघडलं नाहीस.

तू मुळांचे फोटो भिंतीवर लावलेस तेव्हाच मला उमगलं. नोकरीच्या भीतीनं गप्प राहिलो.

पुढच्या वर्षी माझ्या आईनं दिलेल्या नव्या बियाची मुळं काही वळेनात. तीनदा करून पाहिलंस. आई बिचारी आणखी एक पिशवी घेऊन स्वतः एसटीनं आली. विद्यार्थिनींसमोर तू तिला म्हणालास, “मावशी, पहिलं बी चोख दिलंत, मग भेसळ कशाला केली? माझं वर्ष गेलं ना.”

“भेसळ कशाला करू बाबा? सासूनं दिलेलं बी हाय माझ्या.”

“मग नजर गेली असेल. साव्याच्या दाण्यांबरोबर काहीही निवडत असाल.”

मुली हसल्या.

परतताना एसटीत तिनं मला विचारलं, “हिरामण, खरंच मिसळलं असंल का रे माझ्या हातून?”

मी खिडकीबाहेर बघत बसलो. हे मी मीनालाही कधी सांगितलेलं नाही. ‘नाही’ एवढाच शब्द द्यायचा होता, तो मी माझ्या आईला दिला नाही.

घरी पोचल्यावर तिनं मडक्यातलं सगळं बी जात्यावर दळलं. भाकरी केल्या. मीही जेवलो. त्या साली माझ्या आईनं, वत्सलाबाईनं, नागली पेरली नाही. पुढच्या साली तीच उरली नाही.

त्यानंतर मात्र मी भीतीनं गप्प नव्हतो. तू विभागप्रमुख झालास, सत्कार झाले, मी हारांची पिशवी धरून मागे उभा राहिलो आणि मनात म्हणत राहिलो, अजून चढू दे. रोज सकाळी सप्तशृंगीपुढे हात जोडून हेच मागितलं. देवीजवळ असं मागू नये, हे मला कळतं.

काल रजिस्टरचं ते पान आणि माझं निवेदन उपग्रहाच्या निवड समितीला स्पीड पोस्टानं पाठवलं. तुझ्या फ्रिजमधल्या बाटलीत पहिल्या खेपेचं बी आहे. आईच्या हातचं तेवढंच उरलंय. आता तेही वर जाणार नाही. ते माहीत असूनच पाकीट टाकलं.

हे लिहून मन हलकं होईल असं वाटलं होतं. झालं नाही.

चौकशीला मला बोलावतील. यंत्र का थांबवलं ते सांगेन, आणि एसटीत काय बोललो नाही, तेही. तुझ्याकडून एकच हवं आहे. सगळ्यांसमोर उभं राहून, त्या मुली सापडल्या तर त्यांच्याही समोर, एवढं म्हण, की बी चोख होतं.

वहिनींना नमस्कार.

वत्सलाबाईचा मुलगा,
हिरामण