भर प्रार्थनेत

सायप्रस बेंड, मिसिसिपी
९ जून

प्रिय रोस्को भाऊजी,

देवाच्या दयेने आम्ही दोघं बरे आहोत. तुमचे गुडघे काय म्हणतात? इकडे उकाड्याने जीव नकोसा केलाय, भेंडी मात्र माजलीय. चर्चच्या स्वयंपाकघरात बंड झालं. एवढं मीठ हृदयाला वाईट म्हणून पालेभाजीत डुकराचं खारं हाड टाकणं बायकांनी बंद केलं. हेझल म्हणाली, "ज्याला हाड हवंय त्याने घरी जाऊन चोखावं!" पुरुष तोंडं वाकडी करतात, पण ताट चाटूनपुसून साफ करतात.

फोनवर तुम्ही सगळं हसण्यावारी नेता, म्हणून लिहायला बसले. तुमच्या भावाला जरा थकवा होता असं मी म्हटलं होतं ना, ते अर्धंच होतं. ईस्टरनंतर क्लीओफस आठवडाभर इस्पितळात होता. छातीत पाणी भरलं होतं. आडवा झाला की गुदमरायचा, म्हणून खुर्चीत बसून झोपायचा आणि मला सांगायचा, टीव्ही बघतोय.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, गोळ्या वेळेवर घेता ना? मीच छाती ठोकून सांगितलं, घेतो. बाई गेल्यावर हा हळूच बोलला. अंगातलं पाणी काढणारी ती लघवीची गोळी रविवारी घेतच नव्हता. मग बुधवारची प्रार्थनासभा, शनिवारचा गाण्याचा सराव, कुणाचा अंत्यविधी, तेही दिवस बुडत गेले. डीकन, म्हणजे चर्चचा मानाचा कारभारी, म्हणून पहिल्या बाकावर बसायचं, तिथून उठलं की सगळ्या चर्चचे डोळे पाठीवर.

"मरेन, वर्लीन, पण भर प्रार्थनेत मुतायला उठणार नाही."

"मरशीलच मग, मेल्या!" म्हटलं, आणि रडले.

कुणाला सांगायचं नाही असं ठरवलं होतं. पण चर्चच्या सगळ्यांत वडीलधाऱ्या मदर टॉलिव्हर भेटायला आल्या, आणि त्यांच्यापुढे कुणाच्या पोटात काही राहतं का? सगळं ऐकून घेतलं आणि काठी उचलून घरी गेल्या.

पुढच्या रविवारी पास्टरांची प्रार्थना ऐन रंगात आलेली, आणि या अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या बाई उठल्या. मधल्या वाटेने, काठी आपटत. दारावरच्या पोरीने पांढरा हातमोजा घातलेला हात आडवा धरला, प्रार्थनेत कुणी हलायचं नाही म्हणून. तर बाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "बाजूला हो गं बाई, लघवीची गोळी घेतलीय!"

परत आल्या तेव्हा पास्टर प्रार्थना थांबवून उभे. "चालू द्या तुमचं," म्हणाल्या, "हृदय ज्याने दिलं, मूत्राशयही त्यानेच दिलंय. लाजेपायी मेलेली माणसं मी पुष्कळ पोचवलीत. आता ज्याला जायचं त्याने जावं." काय बाई आहे! मागून एक उठला, मग दुसरा, मग अख्खा बाक. इतके जण गोळी चुकवत होते, भाऊजी!

आणि काल क्लीओफस उठला. मान खाली, पण उठला. सगळ्यांचे डोळे मिटलेले, माझे उघडे. देव मला क्षमा करो, पण त्या पाठीकडे बघून जेवढा अभिमान वाटला तेवढा लग्नाच्या दिवशीही वाटला नव्हता.

आता या पत्राचं खरं कारण सांगते. इस्पितळात त्याच्या तोंडून निसटलं, "दादा तर रविवारी कधीच घेत नाही. त्यानेच मला सांगितलं. त्याला कुठे काय झालंय?"

राग नाही हो. माझं काळीज मात्र तेव्हापासून थाऱ्यावर नाही. तुम्हीही डेट्रॉइटला पहिल्याच बाकावर बसता. ग्लोरियावहिनी गेल्यापासून तुम्हाला रात्री धाप लागते का, हे बघणारं घरात कुणी नाही. खरं सांगा, लागते का?

येत्या रविवारी गोळी घ्या आणि खुशाल उठा. कुणी हसलं तर त्याला माझा नंबर द्या, मी बघते. क्लीओफसला भाऊ एकच आहे, आणि मला थोरला दीरही एकच.

तुम्ही अजून पुष्कळ म्हातारे व्हावेत म्हणून हट्टाला पेटलेली,
तुमची भावजय,
वर्लीन