आकसलेली डिस्क

सोमवार
नोकरी लागली एकदाची. इस्पितळाच्या एक्स-रे विभागातले संगणक सांभाळायचे. खोलीत उजेड भरपूर, टेबलावर चहाचे जुने डाग, खुर्ची बसलं की कुरकुरते. जुन्या फिल्म ज्या प्रोग्राममध्ये आहेत तो नव्या यंत्रावर चालत नाही, म्हणून संगणकाच्या पोटात दुसरा संगणक बसवलाय, व्हर्च्युअल मशीन. तो बसवणारे काका आठ महिन्यांपूर्वी इथेच काम करता करता हृदयविकाराने गेले. त्यांची बायको, काकू, बाहेर नावनोंदणीला असतात. ह्यांच्या मशीनला सासुरवास करू नकोस, म्हणाल्या. दोघीही हसलो.

मंगळवार
डिस्क काठोकाठ भरलेली. मशीनचं सगळं फोल्डर कॉम्प्रेस केलं, म्हणजे दाबून लहान केलं. मशीनची अगडबंब फाइल निम्म्यावर आली. आल्या आल्या दिवे लावले म्हणायचे.

बुधवार
खरंच दिवे लावले. मशीन सुरूच होईना. डिस्क कॉम्प्रेस केलेली आहे, उघडता येणार नाही, एवढंच सांगतं. सर्जनबाईंना एका ड्रायव्हरच्या मणक्याची जुनी फिल्म शुक्रवारी सकाळी हवी. ती पाहिल्याशिवाय त्या सुरी लावणार नाहीत. फाइल परत मोठी करायला जागा अपुरी, म्हणून बरंच काही दुसरीकडे हलवलं. दिवसभर यंत्रातून धाप लागल्यासारखा आवाज येत होता. पंखा साफ केला. आवाज तसाच.

गुरुवार
सुरू झालं. ड्रायव्हरची फिल्म सापडली, जीव भांड्यात पडला.
पण यादीत एक नवी नोंद. काकांच्या नावाची, छातीची फिल्म, तारीख कालची. काल तर मशीन बंद होतं. फिल्ममधल्या बरगड्या चहूबाजूंनी आत दाबलेल्या.
काकूंना दाखवली. ह्यांच्या छातीची फिल्म कधी काढलीच नव्हती, म्हणाल्या. मग काका शिडीवरून पडल्यावर वाकडं जुळलेलं त्यांचं खांद्याचं हाड त्यांनी फिल्ममध्ये बोटाने दाखवलं. म्हणाल्या, "ते अजून आतच आहेत गं. आणि तू त्यांना दाबलंस."

शुक्रवार, सकाळ
फिल्म वेळेवर पोचली. ऑपरेशन सुरू झालंय.
यादीत माझं नाव. छाती. तारीख आजची. मी फिल्म काढलेली नाही. बरगड्या सरळ आहेत.
काकू येऊन उभ्या राहिल्या. त्यांना जागा दे, म्हणाल्या. मी कधी नव्हे ते पडद्यापुढे हात जोडले. होती नव्हती ती सगळी जागा मी त्या मशीनला देऊन टाकली.

दुपार
ऑपरेशन नीट झालं. ड्रायव्हर पाय हलवतोय. सर्जनबाई स्वतः सांगायला आल्या. मला हसायला श्वास पुरला नाही.
माझी दुसरी फिल्म आली आहे. खालच्या दोन बरगड्या आत.

साडेतीन
मशीन बंद केलं. वायर काढली. पडदा चालूच. फाइल वाढतेय.
काकूंना हाक मारली — आवाज निघत नाही. काचेपलीकडे दिसतायत. माझ्याकडेच बघतायत. उठत नाहीत.

तिसरी फिल्म. बघितली नाही — छातीत कळतंय —

डिस्क भरलेली आहे. कणभर जागा नाही. तरी फाइल वाढतेच आहे. मग जागा कुठून —