एका माणसाचा डोंगा

प्रिय बादल,

आजीचा आशीर्वाद. खुशाली मागून लिहिते, आधी राग लिहिते, कारण राग थंडा झाला का मले लिहिणं सुचत नाही. अक्षर वाकडं आहे, साक्षरतेच्या वर्गात इतकंच शिकवलं. समजून घे.

तुले वाटलं असंल, डोंगा पाहून बुढी खूश झाली. खूश तर झालीच. असा निळा, गुळगुळीत, पोटाखाली सपाट डोंगा आपल्या घरी कधी आलता काय? तुझ्या आबाजीनं सारा जन्म थर्माकोलच्या तराफ्यावर काढला. नातू वणीत कोळशाचा ट्रक चालवते अन् पहिल्या बचतीतून आबाजीले डोंगा घेऊन देते, हे मी सारी गल्ली फिरून सांगितलं. पिठाच्या गिरणीवर सांगितलं, तिथं मले दळण बी नव्हतं. पण लेका, इतकं मोठं द्यायचं अन् इतकंसं विचारायचं नाही, ही कोणती रीत?

आर्णीले अब्दुल गनीभाऊच्या कारखान्यात आपण तिघं गेलतो. त्यायनं तीन डोंगे दाखवले. एक इंजिनवाला. तो तूच नको म्हणाला, अन् बरोबर म्हणाला. आपल्या धरणाच्या फुगवट्यात कुठं गुडघाभर पाणी, कुठं कंबरभर, खाली बाभळीचे खुंट अन् बुडालेल्या वावरांचे बांध. तिथं बांबू टेकवत टेकवतच डोंगा पुढं लोटावा लागते. दुसरा होता थोडा रुंद, दोन माणसांचा. अन् तिसरा हा. गनीभाऊ भला माणूस. मले खुर्ची दिली, भाभी चहा घ्या म्हणाला, मंग तुले विचारलं, किती जण बसणार?

तू म्हणाला, "एकच. आबाजी."

मी तिथंच होती ना रे. कपबशी घेऊन तुझ्याजवळच बसलेली. तू माह्याकडं पाहिलं बी नाही. हलका आहे, एकटा माणूस ओढून काठावर घेते, असं तू गनीभाऊले समजावून सांगत होता, अन् आबाजी डोंग्याच्या काठावरून हात फिरवत ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत होते. सौदा झाल्यावर गनीभाऊनं बाजूनं हात पुढं केला. आबाजीनं तो घेतला नाही. गनीभाऊचं तोंड उतरलं. तू त्यायले म्हणाला, बुढ्याले घमेंड आली नव्या डोंग्याची. मी चहा तसाच ठेवला. तवापासून माह्या पोटात राग आहे.

आता घरचं ऐक. डोंगा अजून आंगणात पालथा आहे. निघतानी गनीभाऊनं सांगितलं होतं, पटला नाही तर बदलून देईन, पण एकदा पाणी लागलेला डोंगा मी वापस घेत नाही. तू दोर बांधत होता, तुले ऐकू आलं नसंल. म्हणून मी त्याले पाणी लागू देत नाही. पहिले म्हटलं, शनवारी नवी वस्तू काढत नाहीत. मंग अमावस्या आडवी आली. मंग नारळ कुजका निघाला. कुजका नव्हता, मीच चटणीत घातला. अन् आता डोंग्यावर मिरच्या वाळत घातल्या आहेत, पुऱ्या वाळल्याशिवाय हात लावायचा नाही असं सांगितलं. गल्लीतल्या बाया म्हणतात, गयाबाईचं डोकं फिरलं. तुझ्या बापाचा, बाबारावचा, यवतमाळहून फोन आला. म्हणे पोरानं हौसेनं घेतलं, तू काहून आडवी येतेस? मी फोनच ठेवला. आबाजी तर माह्याशी बोलणं बंद करून बसले. सोमवारी डोंगा पाण्यात घालणार म्हणजे घालणार, असं भिंतीले सांगतात, म्हणजे मी ऐकावं.

तुले ठाऊक नाही, दिवाळीपासून मी बी त्यायच्यासंगं पाण्यात जाते. आपल्यात बाई काठावर. मासोळी टोपल्यात घ्यावी, दिग्रसच्या बाजारात विकावी, डोंग्यात पाय ठेवू नये. माह्या सासूनं ठेवला नाही, मी ठेवला नाही. गल्लीतल्या भीमसिंगचा जुना, रुंद डोंगा मागून आणला अन् पहिल्या दिवशी मी अशी वरडली का काठावरचे बगळे उडाले. आता मले लय मजा येते, खोटं कायले सांगू. आबाजी मागं उभे राहून बांबू टेकवतात. हा चिखल, हा मुरूम, ही जुनी गाडवाट, असं त्यायले बांबूच सांगते. मी पुढं बसते अन् बोलते. डाव्या अंगाले खुंट आहे. थांबा, कोणाचं तरी जाळं आलं. लोक म्हणतात, बुढ्याले म्हातारपणी बायको आठवली, फिरवून आणते. म्हणू दे. मी बी लाजल्यासारखं करते. पण भीमसिंगले आता त्याचा डोंगा वापस पाहिजे.

आता ज्याच्यासाठी लिहायले बसली ते लिहिते. बादल, आबाजीले दिसत नाही. डाव्या डोळ्यानं काहीच नाही, उजव्यानं नळीतून पाहिल्यासारखं समोरचं तेवढं. डाक्टर म्हणाला काचबिंदू आहे, गेलं ते वापस येत नाही, राहिलं तेवढं थेंब घालून जपा. कोणाले सांगशील तर बादलची शप्पथ, असं आबाजीनं मले बजावलं. म्हणून तुलेच सांगून राह्यली. ज्याची शप्पथ, त्यालेच ती सोडवता येते. तुझ्या बापाले कळलं तर तो त्यायले यवतमाळच्या खोलीत नेऊन बसवंल, अन् पाण्याविना हा माणूस पावसाळा काढणार नाही. अन् तुझ्या डोंग्यात गेले तर एकटेच जातील, कारण माह्यासाठी त्यात जागाच नाही, अन् नातवानं दिलेल्या वस्तूले ते नाही म्हणणार नाहीत. म्हणून रविवारी ये. मीच चुकलो, मले दोन माणसांचाच घ्यायचा होता, असं तू आपल्या तोंडानं म्हण अन् डोंगा गाडीत टाक. डोळ्याचा शब्द काढू नको. फोनवर सांगितलं असतं, पण ते बाजूलेच बसून राहतात, अन् कान त्यायचे चांगले आहेत. आता बी समोरच बसले आहेत. अबोला सोडून विचारलं, कोणाले लिहितेस? म्हटलं, बादलले शिव्या लिहून राह्यली, डोंग्यापायी. हसले. म्हणाले, माह्याकडून बी दोन लिही.

तुझीच, रागावलेली,
आजी