उभं राहता येईल अशी नाव

११ जुलै १९३७
यमुना आज सापडली. तिसऱ्या दिवशी, खालच्या वळणावर, बाभळीच्या मुळांत अडकलेली. तिची वांग्यांची टोपली पहिल्याच दिवशी सापडली होती, ती कोणीतरी घरी नेली. धुऊन खाल्ली असतील.

गावभर एकच बोलणं: डोंगा जुना होता, पाणी फार होतं, तिचं दैव. तिन्ही खोटी. पलीकडच्या मळ्यांतून सात माळणी भाजी घेऊन बाजाराला येत होत्या. ऐलतीरावर पाटील येऊन उभे राहिले. वडीलधारा पुरुष समोर असताना बाईने बसून राहायचं नाही, म्हणून सातही जणी भर पाण्यात उठल्या. एका खोडातून कोरलेला, गोल बुडाचा डोंगा. दुसरं काय होणार होतं?

बाकीच्या सहाजणी वाचल्या, त्यांत यमुनेची जाऊ गोदा. तिला विचारलं, "उठलात कशाला?"
"पाटील दिसले ना, बाई."
माझ्याकडे असं बघत होती की प्रश्नच वेडा.

१३ जुलै
पाटलांकडे गेले. (यापुढे नुसतं पा. पूर्ण शब्दासाठी शाई वाया घालवणार नाही.) म्हटलं, दवंडी द्या, डोंग्यात बायकांनी उठू नये. पान चघळत म्हणाले, "मी कोणाले उठा म्हटलं काय? बाया आपल्या मनानं उठल्या. आता बसा म्हणून दवंडी देऊ? लोक हासतील मले." मग मायेने: "गावची रीत हाय, बाई. तुमी कॉन्व्हेंटात शिकल्या, तुमाले नाही समजणार."

फार चांगलं समजतं. रागात छत्री तिथेच राहिली. मागायला जाणार नाही, भिजेन.

१६ जुलै
डोंगा वाहून गेला. गोदा आणि इतर जणी आता सहा मैलांचा वळसा घालून, पाणी उथळ असतं तिथून, चालत येतात. बाजारात पोचेपर्यंत पालेभाजी मान टाकते. त्यांना म्हटलं, नवा डोंगा आला की एकदा बसून राहा, काय आभाळ कोसळतं बघू. एकजण म्हणाली, "आभाळाचं काय घेऊन बसल्या बाई, सासू कोसळन ना!" सगळ्या हसल्या. यमुनेला जाऊन आठवडा.

ठीक. उठायचंच असेल तर उठूनही उलटणार नाही अशी नाव करायची. सपाट बुडाची, ऐसपैस. मीच करून घेणार.

१९ जुलै
रहीमभाईंना बोलावलं. चाळीस वर्षं बैलगाड्या करतात. नाव कधी केली नाही.
"बाई, नाव कशी असते ते तरी सांगा."
"चाकं नसलेली गाडी समजा."
"अन् बैल?"
"ते गावात पुष्कळ आहेत."
इतके हसले की खोकला लागला. काम घेतलं.

२४ जुलै
लाकूड: माझा सागवानी पलंग आणि निवृत्त होताना शाळेने दिलेलं कपाट. कपाटातली पुस्तकं जमिनीवर, मीही जमिनीवर. शेजारीण डोकावून म्हणाली, "म्हातारपणी हे काय खूळ?" म्हटलं, तरुणपणी वेळ मिळाला नाही.

२ ऑगस्ट
नऊ हात लांब, चार हात रुंद. बूड पाटासारखं सपाट. सांध्यांत कापसाच्या वाती, राळेत आणि जवसाच्या तेलात भिजवून ठोकलेल्या. घराला, केसांना, भाताला, सगळ्याला राळेचा वास. पा. वाटेने जाताना थांबले. "बाई, यात गुरं नेसान का माणसं?" जे उत्तर सुचलं ते इथे लिहिण्याजोगं नाही.

९ ऑगस्ट
नाव पाण्यात घातली. चाळणी! प्रत्येक सांध्यातून पाणी. काठावरची मंडळी खूश. रहीमभाई शांत. "चार दिवस अशीच बुडू द्या. हात नका लावू." आणि लेकीकडे कारंज्याला निघून गेले.
लाजेने पळाले, दुसरं काय.

११ ऑगस्ट
आज लख्ख ऊन पडलं. भिजलेली वस्तू वाळवावी हे कोणालाही कळतं. चार गडी लावून नाव बाहेर काढली, पालथी घातली. उद्याही ऊन मिळालं तर बरं.

१४ ऑगस्ट
रहीमभाई परतले. नावेभोवती एक फेरी मारली. फटींत बोट जातंय.

"कोणी काढली ही?"
"मी."
"बाई, चाक सैल झालं का आमी काय करतो? पाण्यात टाकतो. लाकूड फुगते, लोखंडी धाव आपोआप आवळते. गावातल्या लेकरालेही ठाव हाय. तुमी उन्हात वाळवली? काहून?"

इतक्या वर्षांत मला असं कोणी बोललं नव्हतं, आणि एक शब्द चूक नव्हता. नदीकाठी एवढी वर्षं काढली, पाण्यात पडलेली चाकं रोज पाहिली, विचारलं कधीच नाही. मला वाटायचं धुतात.

वाती सगळ्या नव्याने. आणखी पंधरा दिवस जाणार. माझ्यामुळे.

२० ऑगस्ट
गोदा वाती वळायला येते. आज वळता वळता, सहज: "यमुना सगळ्यात आधी उठली होती, बाई. आमी तिचं पाहून उठलो. तिले शाळेची सवय ना."

यमुना माझी. चौथीपर्यंत. पहिल्या बाकावर. साहेब तपासणीला आले की सगळ्यात आधी, सगळ्यात ताठ उठायची, आणि मी तिचंच उदाहरण द्यायची. मला कॉन्व्हेंटात मदरने शिकवलं, मी यांना. एकतीस वर्षं. उशिरा उठणारीला छडी.

पा.वर किती पानं लिहिली मी. आणि

२९ ऑगस्ट
नाव पाच दिवस पाण्यात होती. फुगली. थेंब नाही.

१ सप्टेंबर
परीक्षा. आठ बायका चढवल्या. म्हटलं, उठा. उठल्या. एका कडेला या. आल्या. पाय आपटा. आपटले! बोटभर कलली, परत सरळ. गोदा नाचायचीच बाकी होती. रहीमभाईंनी डोळे पुसले आणि म्हणाले राळ गेली डोळ्यात.

पा. नारळ घेऊन हजर. सगळ्यांसमोर म्हणाले, "बाईनं लय चांगलं काम केलं. आता बायांनी खुशाल उठावं."

टाळ्या वाजल्या. माझा पलंग, माझं कपाट, दीड महिना. हे सगळं कशासाठी केलं, तर त्या माणसापुढे बायकांना निर्धास्त उभं राहता यावं म्हणून. नावेला कुऱ्हाड घालावीशी वाटली. गोदाला तसंच म्हटलं.

४ सप्टेंबर
बाजार. मीही पलीकडून त्यांच्याबरोबर आले, माझीच हौस. मध्यावर आलो तेव्हा पा. काठावर. एकेक जण उठली. नाव हलली नाही. गोदा उठली नाही. भाजीच्या भाऱ्यावर दोन्ही हात घट्ट, मान खाली, बसून राहिली.

"कोण बसली ते?" पा. ओरडले.

उभ्या बायकांच्या मधून मी तिच्याकडे पाहिलं, तेव्हा लक्षात आलं की मी वरून पाहते आहे. मी उठले होते. कोणी सांगितलं नव्हतं. कधी उठले तेही कळलं नाही.

वय एकसष्ट. थू.

५ सप्टेंबर
पा.चा गडी निरोप घेऊन आला. नाव लागते तिथून गावात येणारी वाट त्यांच्या शेतातून जाते. "उठणाऱ्या बायाले वाट खुली हाय. बसणारीनं तिकडूनच फिरून जावं." म्हणजे पुन्हा सहा मैल, तिला एकटीला.

गडी गेला आणि गोदा आली. वळसा घालून; निरोप तिला आधीच पोचला होता. नवरा कालपासून बोलत नाही. बाकीच्या जणी म्हणतात, बाई बसल्या तर आमीही बसू.
"मग पुढच्या बाजाराले तुमी येता ना, बाई? बसान ना?"

ती ओट्यावर उत्तराची वाट बघत बसली आहे. मी लिहिते आहे, कारण लिहिताना तिच्याकडे बघावं लागत नाही.